मुहूर्ताचा पासवर्ड

“मी धुळाले गऊच नही,” सिंधूअक्का तिसऱ्यांदा म्हणाल्या. “मंग मना नावनं तेल कोन लई ग्या?”

जळगावच्या आमच्या मुख्य दुकानात, कस्टमर डेस्कसमोरच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर त्या बसल्या होत्या. मांडीवर कापडी पिशवी, हातात आमचं पिवळं कार्ड. डेस्कवरच्या मुलीने स्क्रीन माझ्याकडे वळवली. अक्कांच्या कार्डावर शून्य पॉइंट होते. आदल्या आठवड्यात धुळ्याच्या शाखेत सगळेच्या सगळे पॉइंट वापरून त्यांनी तेलाचे डबे नेले, असं सिस्टिम सांगत होती.

माझ्या मनात पहिला विचार आला, तो घरातल्या कोणाचा तरी हा उद्योग असणार, असाच. सून असेल, नातू असेल, जावई असेल. बावीस वर्षं मी एका सहकारी बँकेच्या कॉम्प्युटर विभागात काढली. तिथे समोर माणूस येऊन बसला की आधी तो काय लपवतोय ते बघायचं आणि मग नमस्कार करायचा, अशी सवय लागते. ती नोकरी सुटली तरी सवय सुटली नाही. माझा नवरा म्हणतो, चहात साखर कमी पडली तरी ही आधी विचारते, डबा शेवटचा कोणी उघडला होता.

बँकेतून बाहेर पडल्यावर मी या सुपरमार्केटमध्ये सिस्टिम इन्चार्ज म्हणून लागले. जळगावात दोन दुकानं, धुळ्यात एक, अमळनेरला एक. मालक कांतीशेठ. आजोबा राजस्थानातून आलेले, त्यांनी धान्याची पेढी टाकली, पेढीचं दुकान झालं आणि शेठच्या हातात दुकानाची चार दुकानं झाली. चारही ठिकाणच्या बिलिंगची, कार्डांची आणि कॉम्प्युटरची जबाबदारी माझ्याकडे.

आता हे पॉइंट म्हणजे काय, ते सांगते. आमच्याकडे खरेदी केली की बिलामागे काही पॉइंट तुमच्या कार्डावर जमा होतात. ते साठले की त्यातून फुकट सामान घेता येतं. कार्ड जवळ नसलं तरी चालतं, मोबाइल नंबर सांगितला की झालं. त्यामुळे आमच्या काउंटरवर दिवसभर लोक आपले नंबर खड्या आवाजात सांगत असतात आणि मागची लाइन ते ऐकत असते. पॉइंट वापरताना मात्र त्या नंबरवर चार आकड्यांचा मेसेज जातो. ओटीपी. तो सांगितल्याशिवाय बिल पुढे सरकत नाही. ही आमची एकमेव कडी होती आणि माझा तिच्यावर भरवसा होता.

“अक्का, मोबाइलवर मेसेज आला होता का? आकडे?”

“काहीच उना नही.” त्यांनी फोन माझ्या हातात दिला. खरंच काही नव्हतं. पुसलेलंही वाटत नव्हतं, कारण अक्कांनी तीन वर्षांत एकही मेसेज पुसलेला नव्हता.

अक्का मूळच्या अमळनेरच्या, लग्नानंतर जळगावात मेहरूणला आल्या. उन्हाळा लागला की त्यांच्या गल्लीतल्या बायका मिळून ज्वारीचे बिबडे आणि उडदाचे पापड करतात आणि विकतात. त्याचं सगळं सामान अक्कांच्या एकाच कार्डावर घ्यायचं, असं त्यांनी ठरवलेलं. पॉइंट साठवून यंदा पीठ मळायचं मशीन घ्यायचं होतं, कारण निम्म्या बायकांचे खांदे धरले होते.

“बठ्ठ्या बाया माले इचारतीन,” अक्का उठता उठता म्हणाल्या. “मी काय सांगू त्यास्ले?”

मी म्हटलं, सगळ्या बायकांना सांगा, दोन दिवस द्या. त्या गेल्या आणि मी दार लावून बसले. मेसेज अक्कांना गेला नाही आणि तरी बिल झालं, म्हणजे कडी आतून उघडली होती. घरातल्यांवरचा संशय मी तिथेच सोडला आणि आमच्याच माणसांवर घेतला.

रिपोर्ट काढला. गेल्या वर्षभरात सगळे पॉइंट एका फटक्यात संपलेली कार्डं शोधली. अक्कांसारखी आणखी आठ निघाली. सगळी जुनी, भरपूर पॉइंट असलेली, धुळ्याला कधीच खरेदी न करणाऱ्या लोकांची. सगळी धुळ्याच्याच शाखेत रिकामी झालेली. त्या बिलांमध्ये दुसरं काहीही नव्हतं, फक्त पंधरा किलोचे तेलाचे डबे. पॉइंटवर माणूस काय घेतो ते मला माहीत आहे. नातवाला चॉकलेट, एखादं स्टीलचं पातेलं, कधी बदामाचं पाकीट. नुसतं तेल कोणी घेत नाही.

आणि नऊच्या नऊ बिलांवर कॅशियरचं नाव एकच होतं. रेखा.

बँकेत असते तर हा कागद मी पाकिटात घालून एका माणसाच्या हातात दिला असता. इथे मी काय केलं, तर तो शेठना पाठवला आणि चारही मॅनेजरांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवरही टाकला. बाकीच्यांनी सावध राहावं म्हणून, असं मी स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे अर्ध्या दिवसात चोर सापडला, हे मला चौघांना दाखवायचं होतं.

शेठचा लगेच फोन. “मॅडम, पोरीला आजच घरी बसवा.”

“आधी मी धुळ्याला जाऊन येते.”

“जा ना. पण पोलिसात द्यायचं का नाही, एवढं मला उद्या सांगा. लोक पैसे खिशात ठेवतात, पॉइंट आपल्याकडे ठेवतात. हा भरवसा गेला तर मी काय विकू?”

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एस्टीने धुळ्याला गेले. मॅनेजरांच्या केबिनमध्ये रेखा उभीच होती. वय पंचवीसच्या आत-बाहेर, ओढणी घट्ट पिन केलेली, डोळे सुजलेले. धुळ्याजवळच्या एका खेड्यातून ती रोज यायची. घरातली नोकरी करणारी पहिली मुलगी.

“बस,” मी म्हटलं.

“नको, मॅडम.”

“ही बिलं तुझी आहेत?”

“नाव माझं आहे. हात कोणाचा, ते मला कसं कळणार?”

मला ते उत्तर तेव्हा उद्धट वाटलं. मी आवाज चढवला. “तुझ्या लॉगिनवर दुसरं कोण बसतं?”

“सगळेच बसतात. मी पहिल्या एस्टीने येते. आल्यावर चारी काउंटर मीच उघडते, माझ्या नावाने. प्रत्येकीने येऊन आपलं नाव टाकलं तर लाइन लागते. लोक ओरडतात, मग सरही ओरडतात.”

मॅनेजर खिडकीबाहेर बघायला लागले.

“आणि तू सुट्टीवर असलीस तर?”

“तरी माझ्याच नावाने उघडतात. सवय झालीय सगळ्यांना. पासवर्ड तर सगळ्यांचा एकच आहे, मॅडम. तो समोर चिकटवलेलाच असतो.”

इथे मला शेठच्या पासवर्डची गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल आम्ही सगळे वेडेच होतो.

शेठच्या घराण्यात लक्ष्मीपूजनाला नवीन वहीची पूजा व्हायची. वह्या गेल्या, कॉम्प्युटर आले. मग शेठनी कॉम्प्युटरची पूजा सुरू केली. मुहूर्तावर मॉनिटरला हार घालायचा, कुंकवाचं स्वस्तिक काढलेला कोरा कागद घ्यायचा आणि त्यावर मार्करने ठळक इंग्रजी अक्षरांत नव्या वर्षाचा पासवर्ड शेठनी स्वतःच्या हाताने लिहायचा. मग तो मॉनिटरवर चिकटवायचा. त्याच्या नकला चारही दुकानांत जायच्या. चारही दुकानांच्या सगळ्या लॉगिनना तोच एक पासवर्ड, पुढच्या दिवाळीपर्यंत. मध्ये बदलायचा नाही, कारण वही वर्षाच्या मध्ये कोणी बदलत नाही. आल्या आल्या मी यावर शेठशी भांडले होते. ते म्हणाले, “मॅडम, तुमच्या बँकेत रोज पासवर्ड बदलायचे, तरी बँक बुडालीच ना?” मग मीही तो विषय सोडून दिला.

तर नऊ बिलांतली दोन बिलं रेखाच्या सुट्टीच्या दिवशीची होती. हजेरीपुस्तकात तसं स्पष्ट होतं. एखाद्याने इथे संशय सोडला असता. मी सोडला नाही. आपण सुट्टी घ्यायची आणि त्या दिवशी दुसऱ्याला पाठवायचं, हे चोराला सुचण्यासारखंच आहे, असं मला वाटलं.

केबिनबाहेर आले तेव्हा रेखा जिन्यात फोनवर बोलत होती. “माय, मी काहीच करेल नही. आबाले सांग, मी काहीच करेल नही.” मला बघून तिने फोन खाली घेतला.

“घरी वडिलांना कोणी सांगितलं?” मी विचारलं.

“तुमचा कागद काल संध्याकाळीच गावात आला, मॅडम. कोणाच्या तरी मोबाइलवर. आबांना चौकात दाखवला.” ती रडत नव्हती, नुसती सांगत होती. “आबांनी विचारलं, यात तुझंच नाव आहे ना? मी म्हटलं, हो. मग ते जेवणावरून उठले.”

मी तिला म्हटलं, चौकशी संपेपर्यंत घरी राहा. हे वाक्य बँकेत मी अनेकदा बोलले होते. त्या दिवशी पहिल्यांदा ते मला माझंच ऐकू आलं आणि बरं वाटलं नाही.

परतीच्या एस्टीत एक प्रश्न डोक्यात राहिला. ओटीपी गेला कुठे? रेखा असो की आणखी कोणी, चार आकडे टाकल्याशिवाय बिल होत नाही. मग ते आकडे कोणाच्या तरी मोबाइलवर गेलेच असणार.

मेसेज पाठवायचं काम आमच्यासाठी एक बाहेरची कंपनी करते. त्यांच्याकडे लॉग असतो. लॉग म्हणजे कॉम्प्युटरची हजेरीवही, कोण कधी आलं आणि गेलं ते त्यात आपोआप उमटतं. मी तो मागवला. अक्कांच्या कार्डाचा ओटीपी अक्कांच्या नंबरवर गेलाच नव्हता. तो गेला होता दुसऱ्याच एका नंबरवर. बाकीची आठ कार्डंही तशीच. नऊ कार्डांना मिळून नंबर दोनच.

मग उलगडलं. कोणाचा मोबाइल हरवला, नंबर बदलला, तर कस्टमर डेस्कवाले कार्डावरचा नंबर बदलून देतात. त्यासाठी कॉम्प्युटरवर वेगळं पान आहे. चोर त्या पानावर जायचा, कार्डावर आपला नंबर टाकायचा, दुकानात जाऊन किंवा कोणाला पाठवून ओटीपी सांगायचा, तेल उचलायचा आणि पुन्हा जुना नंबर जिथल्या तिथे ठेवायचा. गिऱ्हाइकाला मेसेज नाही आणि आमच्या रिपोर्टातही काही नाही, कारण रिपोर्टात फक्त आजचा नंबर दिसतो. याला काउंटरवरच्या मुलीची मदत लागतच नव्हती. ती बिचारी समोरच्याने सांगितलेले चार आकडे दाबत होती.

आणि नंबर बदलण्याचं काम दुकानातून झालंच नव्हतं. बाहेरून, कोणाच्या तरी मोबाइलच्या इंटरनेटवरून झालं होतं. ते पान बाहेरून उघडायची सोय कोणी करून ठेवली होती? मी. शेठच्या मुलाला पुण्याहून दुकान बघता यावं म्हणून, दोन दिवसांपुरती. त्या दोन दिवसांना आता अडीच वर्षं झाली होती.

शेठसमोर जाऊन बसले. सगळं सांगितलं, माझं पानसुद्धा.

“म्हणजे पोरगी नाही?”

“पोरगी नाही.”

“मग कोण?”

“ज्याला पासवर्ड माहीत आहे तो.”

“तो तर सगळ्यांना माहीत आहे, मॅडम.”

“तेच तर मी म्हणते. ते बाहेरचं पान मी आत्ता येताना बंद करून आले. पण पासवर्ड आजच्या आज बदलायचा.”

शेठनी भिंतीवरच्या पंचांगाकडे पाहिलं. “होळाष्टक लागलंय.” होळीच्या आधीचे आठ दिवस. त्यांच्याकडे या दिवसांत नवं काही सुरू करत नाहीत.

“चोराला नाही लागलं, शेठ.”

त्यांनी पंचांगाचं पान उलटून पाहिलं. मग म्हणाले, “होळी होऊ द्या. पान बंद केलं ना तुम्ही? मग आठ दिवसांत काय जातंय?” आणि मी, बावीस वर्षांची अनुभवी बाई, मुकाट्याने उठले. कारण मलाही चोर हवा होता. पासवर्ड बदलला असता तर सगळे सावध झाले असते.

आता संशयित मोजायला घेतले. नोकरी सोडून गेलेल्यांना मी आधीच वगळलं होतं. त्यांच्याकडे जुना पासवर्ड असेल, पण दिवाळीत नवा झाला होता. म्हणजे आत्ता कामावर असलेलेच. मॅनेजर, कॅशियर, डेस्कवाले. मी प्रत्येकाकडे वेगळ्या नजरेने बघायला लागले. एकाने नवी गाडी घेतली होती, तिची पावती मी कशी बघू, याचा विचार केला. डेस्कवरच्या मुलीने चहा आणून दिला तर वाटलं, ही एवढी गोड का वागतेय.

एक गोष्ट मात्र जुळत नव्हती. पासवर्ड बदलला दिवाळीत. पहिली चोरी जानेवारीतली. आतल्या माणसाला दिवाळीच्या दुसऱ्या दिवशीच सगळं माहीत होतं. मग तो दोन महिने का थांबला?

या प्रश्नाचं उत्तर मला अक्कांच्या स्वयंपाकघरात मिळालं.

लेखी तक्रारीवर त्यांची सही हवी होती, म्हणून मेहरूणला त्यांच्या घरी गेले. गच्चीवर बायका बिबडे घालत होत्या. मी वर डोकावले तर गप्पा थांबल्या. एक जण दुसरीकडे बघून म्हणाली, “दुकानवाली उनी.” अक्कांशी त्या नीट बोलत नव्हत्या, हे मला न सांगता कळलं. माझ्यासारखा संशय काही माझ्या एकटीकडेच नसतो.

अक्कांनी मला खाली नेलं, चहा टाकला. मी कागद काढायला पिशवीत हात घातला आणि समोर भिंतीकडे नजर गेली.

आमचं कॅलेंडर. दरवर्षी नव्या वर्षाला आम्ही गिऱ्हाइकांना वाटतो ते. वर पुठ्ठ्यावर मोठा रंगीत फोटो आणि खाली महिन्यांची पानं टाचलेली. वर्षभर महिने फाटत जातात, फोटो तसाच राहतो. यंदा फोटो होता आमच्या लक्ष्मीपूजनाचा. हात जोडलेले कांतीशेठ, फुलं, समया, हार घातलेला मॉनिटर आणि मॉनिटरवर कुंकवाचं स्वस्तिक असलेला कागद. कागदावर शेठच्या ठळक हस्ताक्षरातला पासवर्ड. ओट्यापासून चार हातांवर मी उभी होते आणि मला एकेक अक्षर वाचता येत होतं.

“अक्का, हे काय लिहिलंय, माहीत आहे?”

“मंत्र शे ना तुमना शेठना? माले इंग्रजी येस नही. पन मी रोज सकायमा हात जोडस.”

मला हसू आलं, पण टिकलं नाही. कारण हे कॅलेंडर माझ्याही स्वयंपाकघरात लटकत होतं. रोज सकाळी दुधाची खूण मी त्याच्यावर करत होते. एवढंच नाही. डिसेंबरात छापायच्या आधी ते तपासायला माझ्याकडेच आलं होतं. चतुर्थी, एकादशी मी दोन पंचांगं समोर ठेवून पडताळल्या. एक एकादशी चुकली होती, ती दुरुस्त केली. फोटोकडे पाहिलं तेव्हा शेठची टोपी वाकडी आली आहे, एवढंच माझ्या नजरेला दिसलं होतं. खाली सही करून मी ते पाठवून दिलं होतं.

म्हणून जानेवारी. आमचा पासवर्ड आम्ही स्वतः छापून, गुळगुळीत कागदावर, जळगाव-धुळ्याच्या घराघरांत पोचवला होता.

तिथल्या तिथे फोन करून शेठना सांगितलं. त्या दिवशी त्यांनी पंचांगाकडे बघितलं नाही. संध्याकाळच्या आत प्रत्येकाचा वेगळा पासवर्ड झाला.

पण कॅलेंडरवरचा तो कागद बघून त्याचा उपयोग कळायला आमची पद्धत माहीत हवी. शेठ दिवाळीला पासवर्ड लिहितात, तो सगळीकडे चालतो, नंबर बदलायचं पान अमुक ठिकाणी असतं. म्हणजे आमच्याकडे कधीतरी काम केलेला माणूस. ज्यांना मी पहिल्याच दिवशी वगळलं होतं, तेच.

धुळ्याला जाऊन नोकरी सोडलेल्यांच्या फायली काढल्या. नोकरीच्या अर्जात घरच्या माणसाचा नंबर मागतात, तो कोणी बघत नाही. मी बघत बसले. सातव्या की आठव्या फाइलीत, वडिलांचा मोबाइल या रकान्यात, त्या दोन नंबरांपैकी एक नंबर होता. योगेश. धुळ्याच्या कस्टमर डेस्कवर होता, स्वतःचं किराणा दुकान टाकायचं म्हणून दोन वर्षांपूर्वी नोकरी सोडून गेला.

नाव ऐकून शेठ खुर्चीतून अर्धे उठले. “त्याच्या दुकानाचा नारळ मी फोडलाय, मॅडम. माझ्या हाताने.” मग जरा वेळाने म्हणाले, “दरवर्षी त्याला कॅलेंडर जातं. मी सांगून ठेवलंय, आपला पोरगा आहे.”

मी म्हटलं, पोलिसात आधी अर्ज देऊ. शेठ म्हणाले, अर्ज द्या, पण मला एकदा त्याचं तोंड बघायचं आहे. अर्ज दिला आणि तिथून थेट त्याच्या दुकानात गेलो.

दुकान छोटं, नीटनेटकं. कोपऱ्यात तेलाचे डबे एकावर एक. गल्ल्याच्या वर आमचं कॅलेंडर. योगेश शेठना बघून पाया पडायला वाकला आणि माझ्याकडे नजर गेल्यावर अर्ध्यावरच थांबला.

शेठनी कॅलेंडरकडे बोट केलं. “इथूनच वाचलंस?”

त्यानेही कॅलेंडरकडे पाहिलं. मग अगदी शांतपणे म्हणाला, “मी शोधत नव्हतो, शेठ. तुम्हीच घरपोच पाठवलं. रोज समोर दिसायचं. दुकान काही चालत नव्हतं.”

“माझ्याकडे मागायचं होतंस.”

“मागितलं असतं तर दिलं असतं तुम्ही?”

शेठ बाहेर आले. गाडीत बसल्यावर म्हणाले, “दिलं असतं.”

योगेशचं पुढे जे व्हायचं ते पोलिसांकडे चालू आहे, त्याबद्दल इथे लिहिणं बरोबर नाही. नऊ कार्डांचे पॉइंट आम्ही परत केले. अक्कांचं मशीन आलं. ते मेहरूणला पोचवायला मी टेम्पोबरोबर स्वतः गेले आणि गच्चीवर सगळ्या बायकांसमोर सांगितलं, चूक दुकानाची होती, अक्कांची नव्हती. आता आमच्या पद्धतीही बदलल्या. काउंटरवर जी बसेल तिचंच लॉगिन. कार्डावरचा नंबर बदलायचा तर आधी जुन्या नंबरवर मेसेज जातो. लाइन थोडी लांबते, लोक ओरडतात. ओरडू देत.

राहिली रेखा. तिला मी फोन करून परत बोलावलं. ग्रुपवर स्पष्ट लिहिलं की रेखाचा या प्रकाराशी काही संबंध नाही, माझा रिपोर्ट चुकीचा होता, मी तिची माफी मागते. चारही मॅनेजरांनी हात जोडल्याचं चित्र टाकलं. मला वाटलं, मिटलं.

महिन्याभराने धुळ्याला गेले तेव्हा तिला विचारलं, गावात आता ठीक आहे ना?

“गावात कोणाला माहीत आहे, मॅडम?” ती नोटा सारख्या करत म्हणाली. “चोरीचा कागद एका संध्याकाळीत आला होता. माफीचा आलाच नाही. आबा अजून चौकात बसत नाहीत.”

मी बँकेतही माणसांवर संशय घेतले होते. त्यांतले किती खोटे निघाले आणि ती माणसं नंतर कुठे बसत होती, कुठे बसत नव्हती, हे मी कधी विचारलं नव्हतं. त्या दिवशी मला स्वतःची लाज वाटली. शेठना जशीच्या तशी हकीकत सांगितली. त्यांनी ऐकून घेतलं, मान हलवली आणि दुसऱ्या कामाला लागले. मला त्यांचा राग आला.

दिवाळी आली. लक्ष्मीपूजनाला शेठनी धुळ्याहून रेखाला बोलावून घेतलं होतं. मॉनिटरला हार घातला, कुंकवाचं स्वस्तिक काढलं. कागदावर या वेळी काहीच लिहिलं नाही. फोटोग्राफर मागे सरकला तसं शेठ म्हणाले, “थांबा. रेखाबेटी, तू इकडे ये. बरोब्बर मॉनिटरच्या पडद्यासमोर उभी राहा. पडदा दिसता कामा नये.”

ती उभी राहिली. डाव्या बाजूला शेठ, टोपी सरळ. खाली छापलं, शेठच्या सांगण्यावरून, तिचं पूर्ण नाव, गावाचं नाव आणि पद: कॅश विभाग प्रमुख, धुळे शाखा. कॅलेंडर तपासायला माझ्याकडे आलं. एकादश्या मी पाहिल्या. फोटो भिंगाखाली धरून पाहिला. मग सही केली.

शिकायचं असेल तर एवढंच, की पासवर्ड ही पूजेची वस्तू नाही. आणि माझ्यासारख्या संशयी माणसाने संशयाची सुरुवात आपल्याच स्वयंपाकघराच्या भिंतीपासून करावी.

जानेवारीत मी धुळ्याच्या दुकानात होते. कॅलेंडर वाटप चालू होतं. धोतर-टोपीतले एक गृहस्थ डेस्कसमोर आले. रेखाच्या वडिलांना मी तोवर पाहिलं नव्हतं, पण रेखासारख्या कपाळावरून ओळखलं.

“कॅलेंडर पाहिजे व्हतं,” ते म्हणाले.

डेस्कवरच्या मुलीने एक काढून दिलं. त्यांनी ते हातात घेतलं, फोटोवरून एकदा हात फिरवला आणि तिथेच उभे राहिले.

“गावमा बठ्ठास्ले देनं शे.”

सगळ्या गावाला म्हटल्यावर मुलीने माझ्याकडे पाहिलं. एका घरात एकच कॅलेंडर द्यायचं, असा आमचा नियम आहे आणि तो मीच केलेला आहे. मी मागच्या खोलीतून दोरीने बांधलेला गठ्ठा आणून आबांच्या हातात दिला. किती होती, ते मी मोजलं नाही.